शिसवाची पाठ, स्प्रूसचं पोट

गिटार हातात आली की आधी बोटांना घट्टे पडतात आणि मग 'नीले नीले अंबर पर' वाजवता येऊ लागतं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या कट्ट्यांवर हा क्रम चाळीस वर्षं चालू आहे. किशोरकुमारने गायलेलं, कल्याणजी-आनंदजींच्या नावावरचं हे गाणं १९८३ च्या 'कलाकार' चित्रपटातलं. त्याची चाल मात्र मुळात मद्रासची. आदल्या वर्षी आलेल्या 'पयणंगळ मुडिवदिल्लै' या तमिळ चित्रपटात इळैयराजांनी ती 'इळय निला' या गाण्यासाठी बांधली होती. एस. पी. बालसुब्रमण्यम यांनी गायलेल्या त्या गाण्यात गिटार नुसती साथीला नव्हती, सगळं गाणं तिच्यावर उभं होतं. म्हणजे आपल्याकडच्या कित्येकांची गिटारशी पहिली ओळख चेन्नईमार्गे झाली आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

या शहराचं पाश्चात्त्य वाद्यांचं वेड जुनं आहे. मिस्क्विथ नावाच्या गृहस्थांनी १८४२ मध्ये इथे वाद्यांची पेढी काढली. तीच आज अण्णा सालैवर 'म्युझी म्युझिकल' या नावाने चालते, आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांसाठी पोरं तिथेच धाव घेतात. इळैयराजांनी स्वतः ट्रिनिटीचं क्लासिकल गिटारचं सुवर्णपदक मिळवलं. आयआयटी मद्रासमधून जहाजबांधणीचं शिक्षण घेऊन बाहेर पडलेले प्रसन्ना इलेक्ट्रिक गिटारवर कर्नाटक संगीत वाजवतात. थोडक्यात, वाजवणाऱ्यांची इथे वाण नाही आणि विकणाऱ्यांचीही नाही. अख्खी गिटार हाताने घडवणारे मात्र सबंध देशात थोडे. त्यातलं एक नाव एरिसा निओगी यांचं. ते काम करतात ऑरोविलमध्ये, चेन्नईपासून दीडेकशे किलोमीटरवर.

अशा वेळी अंबत्तूरमध्ये कोणी मित्रासाठी गिटार करायला घेतली तर काय काय होईल?

प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. अंबत्तूर हे चेन्नईच्या पश्चिमेचं, सेंट्रलहून अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोकलच्या वाटेवरचं उपनगर. पुण्याच्या माणसाने भोसरी आठवावी. मुरुगप्पा घराण्याने बर्मिंगहॅमच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर १९४९ मध्ये टीआय सायकल्स ही कंपनी काढली. तिच्या हर्क्युलिस आणि बीएसए सायकली अंबत्तूरच्या कारखान्यातून देशभर गेल्या. साठच्या दशकात इथे औद्योगिक वसाहत आली आणि गल्लोगल्ली लेथ, टूलरूम, प्रेसशॉप, पावडर कोटिंगवाले उभे राहिले. गिटार करणाऱ्याला लाकडाच्या आधी जी अवजारं लागतात ती इथे एका फेरफटक्यात जमतात: शिकंजे, लाकूड वाकवायची तापती नळी, अंगाचा आकार धरून ठेवणारा साचा, दांडीत घालायची पोलादी सळई. नकाशा दाखवला की संध्याकाळी वस्तू हातात.

अडचण वेगळीच आहे. टूलरूममध्ये वाढलेल्या माणसाला शंभरांश मिलिमीटरची सवय असते. त्याने घासलेला पोलादाचा ठोकळा उद्याही तेवढाच राहतो. लाकूड तसं राहत नाही.

म्हणून एक जोडी कल्पू. करणारा अंबत्तूरचा, टूलरूममध्ये वीसेक वर्षं काढलेला. मित्र पुण्याचा. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं चेन्नईत राहिलेला, तिथे इडली-सांबाराबरोबर गिटारही लागलेला आणि आता बदली होऊन परत निघालेला. 'मच्चा, तुला मीच करून देतो,' असं एका रात्री बोलून झालेलं आहे आणि आता शब्द फिरवता येत नाही.

पहिलं काम मोजमापाचं, आणि ते लाकडाचं नसून मित्राचं असतं. तो काडीने, म्हणजे प्लेक्ट्रमने, सपासप वाजवतो की बोटांनी तार तार वेगळी छेडतो? काडीवाल्याला मोठ्या अंगाची ड्रेडनॉट लागते. हा आकार अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये दुसऱ्या एका विक्रेत्यासाठी केला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकला. आज दुकानात भिंतीवर टांगलेल्या गिटारींपैकी बहुतेक त्याच घराण्यातल्या. बोटांनी वाजवणाऱ्याला कमरेशी बारीक, लहान अंग सोयीचं. ते मांडीवर नीट बसतं आणि हलक्या स्पर्शाला लगेच बोलतं. मग पंज्याची रुंदी. दांडीच्या डोक्याशी, जिथे सहा तारा हाडाच्या पट्टीवरून जातात, तिथे दुकानातल्या गिटारीची रुंदी साधारण ४३ मिलिमीटर असते. जाड बोटांच्या माणसाला ४४ किंवा ४५ दिली की शेजारच्या तारेला धक्का लागत नाही. दोन मिलिमीटरचा मामला, पण वाजवणाऱ्याला तो पहिल्या मिनिटाला कळतो.

मिरजेच्या कारागिरांना हे सांगायला नको. तिथे तंबोरा मागायला आलेल्याला आधी विचारतात तो कोणत्या पट्टीत गाणार. बाईंचा तंबोरा वेगळा, बुवांचा वेगळा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे तंतुवाद्यं करायला सुरुवात केली. संस्थानिक पटवर्धनांचा आश्रय मिळाला, पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, आणि गावात 'सतारमेकर' हे आडनाव रुजलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दीडशेहून अधिक वर्षं हा धंदा तगला याचं एक कारण असं, की तिथे वाद्य कोणासाठी करायचं हे बहुधा आधी ठरलेलं असतं. गिटारचा कारखाना या उलट्या टोकाला असतो. आपली गिटार कोणाच्या हातात पडणार हे त्याला कधीच ठाऊक नसतं. ती गाडीच्या डिकीत तापेल, तिच्यावर जाड तारा चढतील, तिला कोणीतरी कोपऱ्यात उभी करून विसरून जाईल. हमी द्यायची म्हणजे या सगळ्याचा हिशोब धरायचा, आणि तो जाडीत धरला जातो: पातळ करता आली असती ती फळी थोडी जाड ठेवतात, आतल्या पट्ट्या थोड्या भक्कम ठेवतात. गिटार टिकते, आवाज थोडा गुदमरतो. मित्रासाठी करणाऱ्याला ही सावधगिरी सोडता येते. हाताने केलेल्या गिटारीचा खरा फायदा इथे आहे. नक्षीकाम नंतरचं.

आता लाकूड. गिटारची पाठ आणि कडा कठीण, जड लाकडाच्या असतात आणि त्यांत सर्वांत नावाजलेलं लाकूड रोझवूड. त्यातही भारतीय रोझवूड म्हणजे आपला शिसव: जुन्या वाड्यांतल्या झोपाळ्यांचा, देव्हाऱ्यांचा, नक्षीच्या खांबांचा. जगातल्या गिटारवाल्यांना त्याची ओळख उशिरा पटली. त्यांचा जीव ब्राझीलच्या रोझवूडवर होता. ब्राझीलने साठच्या दशकात ओंडक्यांच्या निर्यातीला लगाम घातला तेव्हा मार्टिनने १९६९ मध्ये आपली डी-२८ ही प्रसिद्ध गिटार भारतीय रोझवूडमध्ये करायला घेतली. तेव्हापासून पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात तयार झालेल्या कितीतरी गिटारींची पाठ दक्षिण भारतातून आलेली आहे. ब्राझीलवाल्याचं मोल अजून चढंच असलं, तरी डोळे मिटून ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक सांगता येतो का, यावर वादकांत एकमत नाही.

निलगिरीतलं गुडलूर, शेजारचं वायनाड, पलीकडे कोडगू हा शिसवाचा मुलूख. तमिळमध्ये त्याला 'ईट्टी' म्हणतात. झाड फार सावकाश वाढतं आणि तोडणाऱ्यांना तेवढा धीर नसतो. म्हणून तमिळनाडूने १९९४ मध्ये खास रोझवूडसाठी कायदा करून खासगी जमिनीवरची झाडंही परवानगीखाली आणली. २०१७ च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय 'साइट्स' कराराने रोझवूडची सगळी जातच नियंत्रणाखाली घेतली. झालं असं, की गिटार घेऊन देशाबाहेर कार्यक्रमाला निघालेले वादक कागदपत्रांच्या चिंतेत पडले. दोन-अडीच वर्षं ओरड झाल्यावर २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट मिळाली. जंगल वाचवण्याच्या नियमाचा पहिला तडाखा सोफासेट करणाऱ्यांऐवजी गिटारवाल्यांच्या नजरेत भरला, कारण ते आपलं लाकूड पाठीवर घेऊन विमानात चढतात.

अंबत्तूरच्या माणसाला शिसव तसा घरचा. वखारीतून परवान्याचं लाकूड मिळेल. जुन्या घराच्या पाडकामातली फळी मिळाली तर उत्तमच, कारण ती पन्नास-साठ वर्षं वाळलेली असते. अडचण पोटाची. गिटारचं पोट, म्हणजे तारांखालची पुढची फळी, बहुतेक वेळा स्प्रूसची असते: वजनाला हलकी, रेषांच्या दिशेने ताठ. हे सूचिपर्णी झाड थंड मुलखातलं. सिट्का स्प्रूस अलास्का आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, युरोपीय स्प्रूस आल्प्समधला. आवाज बहुतांशी पोटाचा असल्यामुळे इथे काटकसर करून चालत नाही. निलगिरीचं लाकूड समुद्रापलीकडे जातं आणि समुद्रापलीकडचं अंबत्तूरला मागवावं लागतं. दोन्ही लाकडांना एकमेकांवाचून करमत नाही.

आवाज पोटाचा असतो हे अंतोनिओ दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये एक गिटार करूनच दाखवलं. पोट उत्तम स्प्रूसचं, पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आजच्या क्लासिकल गिटारचा साचा याच तोर्रेसने घालून दिला. तरीही दीडशे वर्षांनंतर माणसं गिटार विकत घेताना पाठीचे शिसवी पट्टे पाहून पैसे मोजतात. डोळ्यांनाही काही हवं असतंच.

पोटाची फळी एका ओंडक्यातून लागोपाठ कापलेल्या दोन चकत्यांची असते. त्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून मधोमध जोडतात, म्हणजे डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब होतात. मग रंधा. फळी चार-पाच मिलिमीटरवरून तीनच्या आसपास उतरवायची. किती ते आकडा सांगत नाही, हात सांगतो. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो: तीन मिलिमीटरची फळी २.७ केली तर जाडी दहाच टक्के घटते, पण ताठपणा २७ टक्क्यांनी उतरतो. एक रंधा जास्त फिरला की परत येता येत नाही.

कारागीर फळी वरच्या कडेला अंगठा आणि मधलं बोट यांत सैल धरतो, कानाशी नेतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करतो. जाड फळी 'टक' एवढंच म्हणते. उतरत गेली की त्या टकटकीला मागे शेपूट फुटतं, आवाज थोडा वेळ हवेत राहतो. दोन्ही हातांनी कडा धरून किंचित पिळून पाहायचं, लवते किती ते बघायचं, पुन्हा रंधा, पुन्हा टकटक. टूलरूमवाल्याचा व्हर्नियर बाजूला पडून असतो. आकडे लिहून ठेवायला तो कामाचा, कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही.

एवढी पातळ फळी सहा पोलादी तारांपुढे उभी कशी राहते? नेहमीच्या तारा स्वरात लावल्या की त्यांचा एकूण ताण ७० ते ७५ किलोच्या घरात जातो. एक मोठा माणूस चोवीस तास दांडी आणि पोट एकमेकांकडे ओढत बसल्यासारखं ते आहे, आणि सगळी गिटार मिळून वजन दोन किलोच्या आसपास. यावरचा तोडगा पोटाच्या आतल्या बाजूला असतो. तिथे स्प्रूसच्याच पट्ट्या चिकटवतात. तोर्रेसच्या आतड्याच्या तारांच्या गिटारीत त्या पंख्यासारख्या पसरलेल्या. जर्मनीहून अमेरिकेला गेलेल्या ख्रिस्तियान फ्रीडरिख मार्टिनने १८४० च्या दशकात त्या फुलीच्या आकारात बसवल्या. तेव्हा पोलादी तारा प्रचारात नव्हत्या, पण पुढच्या शतकात हवाई बेटांच्या गिटारीची लाट आली, पोलादी तारा रूढ झाल्या आणि त्यांचा ताण पेलायला फुलीच धावून आली. आज अकूस्टिक गिटारच्या भोकात आरसा घालून पाहिलं तर बहुतेक वेळा तीच फुली दिसते.

या पट्ट्या पटाशीने तासायच्या असतात. मधे उंच, टोकांकडे निमुळत्या. दर दोन-चार कापांनंतर पुन्हा टकटक. पुण्याचा मित्र हलक्या बोटांचा आहे हे इथे उपयोगी पडतं. कारखान्यात ज्या पट्टीला हात लावायची हिंमत होणार नाही ती इथे आणखी उतरवता येते. उद्या पोट थोडं फुगलंच तर गिटार कोणाच्या दारात येणार हे ठरलेलं आहे.

आपल्याकडच्या वाद्यांपेक्षा गिटारची जातकुळी इथे वेगळी पडते. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. पनरुट्टीच्या फणसाला त्यासाठी मान आहे आणि एकाच ओंडक्यातून सबंध कोरलेल्या 'एकांड' वीणेचा दिमाख काही और. मिरजेचा तंबोरा निम्मा शेतात तयार होतो: पंढरपूरच्या बाजूला पिकलेला भोपळा वाळवून त्याला तुणीच्या लाकडाची दांडी जोडतात. वीणा कोरतात, तंबोरा पिकवतात आणि गिटार वाकवतात. दोन मिलिमीटर जाडीच्या, शिसवाच्या लांबलचक दोन पट्ट्या घेऊन त्यांना खांदा, कंबर आणि कुल्ला द्यायचा. पाण्याने ओलावलेली पट्टी तापलेल्या नळीवर टेकवली की चर्र होतं, वाफ येते, आणि तिच्याबरोबर गोडसर वास. रोझवूड हे नाव त्याच वासामुळे पडलं. सुरुवातीला पट्टी अजिबात दाद देत नाही. मग एका क्षणी, उष्णता आतपर्यंत पोचली की, तिचा विरोध एकदम सुटतो आणि ती तळव्याखाली मऊ होऊन वळते. तो क्षण येण्याआधी जोर लावला की कमरेपाशी रेघेत तडा. आल्यानंतर रेंगाळलं तर लाकूड करपतं. वळलेली पट्टी साच्यात शिकंज्यांनी आवळून वाळू द्यायची. सोडल्यावर ती थोडी उलगडतेच.

आता चेन्नईची हवा. गिटार ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत जोडावी असा जगभरचा शिरस्ता आहे. चेन्नईत ती सरासरी ७०-७५ टक्क्यांच्या घरात असते. लाकूड हवेतलं पाणी पिऊन रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. पोटाची रुंदी ४० सेंटिमीटर धरली आणि ७५ टक्क्यांच्या हवेत मुरलेली फळी ४५ टक्क्यांच्या हवेत नेली, तर ती आडवी तीन-साडेतीन मिलिमीटर आक्रसते. आक्रसू पाहते, असं म्हणायला हवं, कारण कडेने ती चिकटवलेली असते. जागा मिळाली नाही की ती मधोमध फाटते. अंबत्तूरच्या उघड्या शेडमध्ये जोडलेली गिटार पुण्याला मार्च-एप्रिलच्या दुपारी, हवा वीस टक्क्यांवर कोरडी झालेली असताना पोचली, तर तिचं काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. म्हणून एक खोली बंद करून तिथे एसी आणि हवा कोरडी करणारं यंत्र लावावं लागतं. लाकूड आठवडेच्या आठवडे तिथे ठेवून मगच जोडायचं. पोट सपाट दिसलं तरी सपाट नसतंच. आतून अगदी हलका घुमट दिलेला असतो, आक्रसायची वेळ आली तर फाटण्याआधी थोडं बसायला वाव राहावा म्हणून. शंभरांश मिलिमीटरवाल्या माणसाला सर्वांत जास्त शिकवते ती ही खोली.

जोडायला काय वापरायचं यावर गिटारवाल्यांत पंथ आहेत. जुना पंथ सरसाचा. जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस गरम पाण्याच्या भांड्यात पातळ ठेवायचा आणि लावल्यावर तो गार व्हायच्या आत शिकंजे आवळायचे. वासाचं सांगायला नको. वाळला की काचेसारखा कडक होतो आणि पन्नास वर्षांनी दुरुस्तीची वेळ आलीच तर ऊब आणि ओल देऊन सांधा सोडवता येतो. सुताराच्या हाताशी असतो तो पांढरा गोंद कपाटाला ठीक, पण सततच्या ताणाखाली आणि उन्हात तो किंचित सरकत राहतो. तारा बांधलेली घोडी ज्या जागी पोटाला चिकटते तिथे तरी तो नको.

दांडी महोगनीची आणि तिच्या पोटात पोलादी सळई. तारांच्या ओढीने दांडी धनुष्यासारखी वाकते, ती पान्याने सरळ करता यावी म्हणून ही सोय. गिब्सन कंपनीने १९२३ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. अंबत्तूरवाल्याचा जीव इथे शांत होतो, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या ओळखीचा धातू हातात आलेला असतो.

मग पडदे. सतारीचे पडदे सरकवता येतात, राग बदलला की वादक ते जागचे हलवतो. गिटारचे एकदा ठोकले की ठोकले. प्रत्येक पडद्यापाशी तारेची उरलेली लांबी १.०५९५ ने भागायची, म्हणजे बारा पडद्यांनंतर ती बरोबर अर्धी होते आणि वरचा षड्ज मिळतो. ६४५ मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा ३६.२ मिलिमीटरवर, बारावा ३२२.५ वर. दशांश चिन्हांआधीचे लोक सोपा नियम वापरत: दर वेळी उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घ्या. ल्यूट या वाद्यासाठी हा नियम १५८१ मध्ये लिहून ठेवणारे व्हिन्चेन्त्सो गॅलिली हे खगोलवाल्या गॅलिलिओचे वडील. त्यांच्या नियमाने बारावा पडदा आपल्या गिटारवर सुमारे २.३ मिलिमीटरने मागे राहतो. व्यवहारातली खूणगाठ अशी, की प्रत्येक पडदा डोक्यापासून मोजायचा, आधीच्या पडद्यापासून नाही. नाहीतर चुका साठत जातात. खाचा अंबत्तूरच्या एखाद्या सीएनसीवर पाडून घेतल्या तर गिटार हाताने केलेली राहते का? निखालस राहते. पडद्याची जागा गणिताने ठरते आणि तिथे हाताचा गुण काही मिसळत नाही.

शेवटचा हात पॉलिशचा, आणि या बाबतीत भारतीय कारागीर जगाच्या पुढे असायला हवा होता. नामांकित क्लासिकल गिटारींवर असते ती फ्रेंच पॉलिशची झिलई, आणि तिचा मूळ माल म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर किडे ती घालतात. झारखंड तिचं आगर आहे आणि रांचीला १९२४ पासून तिच्यावर संशोधन करणारी संस्था आहे. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने गोल गोल फिरवत चढवायची, दिवसाला थोडी. थर इतका पातळ राहतो की पोटाला ओझं होत नाही. कारखान्यातली फवाऱ्याची लकाकी जाड असते, टिकाऊ असते आणि आवाजाला थोडी जाचते. चेन्नईच्या दमट हवेत मात्र लाखेवर पांढुरका धूर चढतो, म्हणून हे कामही त्याच कोरड्या खोलीत.

घोडीवर तार टेकते ती हाडाची पट्टी हा गिटार आणि तंबोऱ्यातला सर्वांत सुंदर फरक. गिटारची पट्टी वरून अरुंद असते, तार एका रेषेवर टेकते आणि स्वर स्वच्छ निघतो. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलसर, तिच्यावर तार थरथरत टेकते-उठते आणि जवारी निघते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांना या घोडीने भुरळ घातली होती. १९२१ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं, की तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशांना उमटताच येऊ नये असं युरोपातलं शास्त्र सांगत होतं, तेसुद्धा तंबोऱ्यात आणि वीणेत ठणठणीत ऐकू येतात, आणि ती करामत घोडीच्या वळणाची. गिटारवर चुकून जवारी निघाली तर तो दोष ठरतो आणि पट्टी पुन्हा घासावी लागते. मिरजेचा कारागीर ज्यासाठी तासन्‌तास कानस चालवतो, ते अंबत्तूरचा कारागीर तितकाच वेळ खर्चून घालवतो.

तारा चढवल्या की गिटार लगेच बोलत नाही. पहिल्या दिवशी आवाज कोंदट, आखडलेला. ताणाखाली लाकूड, सांधे, दांडी सगळं आपापली जागा धरतं, आणि काही आठवड्यांनी तिचा स्वभाव कळू लागतो. या काळात तिच्यावर रोज वाजवलं पाहिजे असं सगळेच कारागीर सांगतात. शास्त्रज्ञांना तेवढी खात्री नाही. मित्राला त्याची फिकीर नसावी, त्याला वाजवायला निमित्तच हवं.

पाठवणीच्या आधी एक काम उरतं. बाराव्या पडद्यावर जाड तार अडीच मिलिमीटरच्या आत उंच असावी, बारीक दोनच्या आत. त्याहून उंच झाली की बोटं दुखतात, खाली गेली की तार पडद्यावर खडखडते. पण पुण्यात जुलैला पोट फुगून घोडीसकट तारा वर येणार आणि एप्रिलला खाली बसणार. पट्टी एक मिलिमीटर घासली की बाराव्या पडद्यावर तार अर्धा मिलिमीटर उतरते, तेव्हा शहाणा कारागीर हाडाच्या दोन पट्ट्या करून देतो: एक बुटकी पावसाळ्यासाठी, एक उंच उन्हाळ्यासाठी. खालच्या बाजूला पेन्सिलीने 'जुलै' आणि 'एप्रिल' लिहायचं आणि तारांच्या पाकिटाबरोबर पिशवीच्या खणात टाकायचं. बदलायला तारा सैल कराव्या लागतात. दहा मिनिटांचं काम आहे, ते मित्राला फोनवर समजावता येतं.